मस्कॅट : गुलाबाच्या वासाचे द्राक्ष

सुरतेच्या बाजारात नाशिकची द्राक्षे येतात ती बहुतेक बिनबियांची; गोड, पण वास बेताचाच. वासासाठी मस्कॅट कुळाकडे वळावे लागते. त्यात पांढरी, तांबूस, काळी अशी बरीच वाणे आहेत. मस्कॅट हॅम्बर्ग हे काळे वाण आपल्याकडे ‘गुलाबी’ म्हणून ओळखतात, तमिळनाडूत ‘पन्नीर’, म्हणजे गुलाबपाणी. तिथल्या कंबम खोऱ्यातील पन्नीर द्राक्षाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव उगाच पडलेले नाही. गुलाबातले जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य या द्राक्षातही असते. बिया असतात, म्हणून नातवंडे नाक मुरडतात.

बहुतेक वाइनना ताज्या द्राक्षाचा वास राहत नाही, मस्कॅटच्या वाइनला राहतो. इटलीतील अस्ती भागात रस थंड करून आंबणे मध्येच थांबवतात. साखर उरते, मद्यार्क सुमारे ५ टक्केच होतो. दक्षिण फ्रान्समध्ये आंबत्या रसात मद्यार्क मिसळून तेच साधतात, ती वाइन १५ टक्क्यांच्या घरात जाते.

नाशिकच्या वायनऱ्या पाहायला जाणाऱ्या सभासदांनी एक ध्यानात ठेवावे : परतताना सापुताऱ्यापासून गुजरातची दारूबंदी लागू होते. बाटली ५ टक्क्यांची असो वा भेट मिळालेली, परवान्याशिवाय आणणे गुन्हाच आहे. आम्ही येताना बेदाणे आणतो.