कोर्ट मॅरेज म्हणजे पळून जाणे नव्हे

सिन्नर तालुक्यात एखाद्या मुला-मुलीने 'आम्हाला रजिस्टर लग्न करायचे आहे' असे घरात सांगितले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'म्हणजे पळून जाणार का?' हा प्रश्न सवर्णांच्या घरात विचारला जातो, तसाच भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या आपल्या घरातही विचारला जातो. मला आक्षेप आहे तो या दुसऱ्या घरांवर. कारण सहीने लागणारे लग्न ही पळवाट नसून आपल्या चळवळीने लढून मिळवलेली गोष्ट आहे, हा इतिहास निदान आपल्याला तरी माहीत असायला हवा.

लग्न लावण्याचा हक्क एकेकाळी वतन होता. ग्रामजोशी हा वतनदार. त्याला बोलावले नाही तरी दक्षिणेवर त्याचा हक्क कायम, आणि तो वसूल करायला इंग्रजांची कोर्टेही मदत करत. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि तीनच महिन्यांत, २५ डिसेंबरला, सावित्रीबाईंच्या पुढाकाराने पुण्यात भटाशिवाय पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुढे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला असे लग्न लागले, तेव्हा जोशांनी हक्काच्या दक्षिणेसाठी दावा ठोकला आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले. मुंबई इलाख्यात हा हक्क रद्द करणारा कायदा व्हायला १९२६ साल उजाडले. म्हणजे पुरोहिताला 'नको' म्हणण्याचा अधिकार मिळवायलाच आपल्या लोकांना अर्धे शतक लागले.

दुसरी लढाई जातीची. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने सरकारी अधिकाऱ्यासमोर लग्न करता येत होते, पण 'मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, बौद्ध नाही' असे आधी लिहून द्यावे लागे. धर्म सोडल्याशिवाय जात ओलांडता येत नव्हती. आंतरजातीय विवाह कायदेशीर ठरवण्यासाठी विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ मध्ये विधेयक आणले, त्याला सनातन्यांनी कडाडून विरोध केला. राजर्षी शाहू महाराज थांबले नाहीत. १९१९ मध्येच त्यांनी कोल्हापूर संस्थानात तसा कायदा केला. ब्रिटिश मुलखात १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपला धर्म न नाकारता नोंदणी विवाहाची मुभा मिळाली.

आणि मग १५ एप्रिल १९४८. दिल्लीत १, हार्डिंग अव्हेन्यू या राहत्या बंगल्यात भारताच्या कायदेमंत्र्याचे लग्न लागले. मंडप नाही, मुहूर्त नाही, वरात नाही. विवाह अधिकारी म्हणून दिल्लीचे डेप्युटी कमिशनर रामेश्वर दयाळ, आणि मोजकी माणसे. वधू डॉ. शारदा कबीर, सारस्वत ब्राह्मण घरातल्या. आपल्यातल्याही काहींनी तेव्हा नाके मुरडली. पण जातिसंहारासाठी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे १९३६ मध्ये लिहिणाऱ्या माणसाने ते स्वतः करून दाखवले. नुसता निरोप दिला असता तरी लाखो लोक जमले असते. त्या माणसाने लग्नाला एक अधिकारी आणि सही पुरेशी मानली. मग बाबासाहेब पळून गेले होते का?

आज आपण काय करतो? पुढे त्रिसरण-पंचशील, मागे डीजे, लॉन्सचे भाडे, हजाराचे जेवण, आणि वर्षभर कर्जाचे हप्ते. बौद्ध विवाहात होम नाही, सप्तपदी नाही, तो साधा असतो, हे बाबासाहेबांनी अखेरच्या दिवसांतही पत्राने कळवले होते. तो साधेपणा आपणच घालवला.

आता कायदा काय सांगतो ते नीट समजून घ्या. लोक 'कोर्ट मॅरेज' म्हणतात, पण कोर्टाचा इथे संबंध नाही. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत होते ती झालेल्या लग्नाची नोंद. नोंदणी विवाह वेगळा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण हवी. दोघांपैकी एक जण किमान तीस दिवस ज्या जिल्ह्यात राहिला, तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. तीस दिवसांत वैध हरकत आली नाही, तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. जादा फी भरली तर अधिकारी वाजवी अंतरावरच्या तुमच्या घरीही येऊ शकतो. आणि 'जात वेगळी आहे' ही हरकत या कायद्यात बसतच नाही.

खरा धोका त्या तीस दिवसांत आहे. नोटीस फलकावर लागते, नावे-पत्ते उघड होतात, आणि मग घरचे, भावकी, जातपंचायत जागी होते. २०१३ साली नाशिक शहरात आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या बापानेच खून केला. त्यानंतर जातपंचायतींविरुद्ध आवाज उठला आणि महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. लग्नावरून वाळीत टाकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कायदा आहे. त्या तीस दिवसांत मुलीच्या शेजारी उभे राहणारे माणूस मात्र नसते.

याच सिन्नरला ऑगस्ट १९४१ मध्ये बाबासाहेब आले होते. वतनी जमिनींवरच्या जादा आकारणीविरुद्ध महार, मांग, वेठ्यांची परिषद इथे भरली होती. वतनाच्या जोखडाविरुद्ध बोलायला आपले आजे-पणजे पायी चालत आले असतील. त्यांची नातवंडे सहीने लग्न करू म्हणतात, तेव्हा आपण 'लोक काय म्हणतील' म्हणतो!

म्हणून माझे मागणे साधे आहे. प्रत्येक विहाराने साक्षीदार म्हणून उभे राहणाऱ्या तीन माणसांची नावे जाहीर करावीत. नोटीस दिल्यापासून सही होईपर्यंत त्या जोडप्याची जबाबदारी वस्तीने घ्यावी. लग्न झाल्यावर विहारात वंदना घ्या, चहा पाजा, टाळ्या वाजवा. मग त्या पोरीला कोणी 'पळून गेली' म्हणणार नाही.

जय भीम!