नुरा, निकाली आणि फ्रीस्टाइल : खानदेशातून कुस्तीची पारख

१/ १९६२ साली महाराष्ट्र केसरीचा किताब धुळ्यात लढला गेला आणि भगवान मोरे विजयी ठरले. त्याच वर्षी ‘किंग काँग’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. त्याचा नायक होता दारा सिंग. एकीकडे मातीतला किताब, दुसरीकडे फ्रीस्टाइल दंगलींनी घरोघरी पोहोचवलेला पहिलवान. दोन्हींना लोक ‘कुस्ती’च म्हणत. मात्र दोन्हींची पारख एकाच मापाने करता येते का?

२/ महाराष्ट्राच्या कुस्तीचा इतिहास बहुधा कोल्हापूरपासून सांगितला जातो, आणि शाहू महाराजांचे कार्य पाहता ते स्वाभाविकही आहे. तरीही खानदेशाचे स्थान दुर्लक्षिण्याजोगे नाही. राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ सालची. ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब १९६१ मध्ये औरंगाबादला सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी तो धुळ्यात आला. १९६६ मध्ये जळगावात दीनानाथसिंह विजयी झाले. १९७७ मध्ये चाळीसगावी मात्र किताबाची कुस्ती निकाली निघाली नाही.

३/ ‘निकाली’ हा शब्द येथे महत्त्वाचा. गावोगावच्या यात्रांतील दंगलीत प्रारंभी नारळा-रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या लागतात, मग इनामाच्या, आणि शेवटी मानाची. पाठ मातीला टेकली की निकाल. गुणफलक नाही, घंटा नाही. आखाड्याभोवती बसलेला प्रत्येक जण परीक्षक असतो. त्यांतले कित्येक स्वतः लंगोट लावून उतरलेले असतात. ढाक कुठे फसली, घिस्सा कुणी अर्धवट सोडला, हे त्यांना सांगावे लागत नाही.

४/ या परीक्षकांच्या कोशातील सर्वांत कठोर शब्द म्हणजे ‘नुरा कुस्ती’, अर्थात आतून ठरवून लढलेली कुस्ती. तिची लक्षणे ठरलेली असतात. मानेवर हात टाकून दोघे एकमेकांना नुसते रेटत राहतात. पकड येते, पण डाव येत नाही. संधी समोर असूनही पट काढला जात नाही. अखेर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात, आणि प्रेक्षक घराकडे निघताना पंचांपासून पहिलवानांपर्यंत सर्वांचा उद्धार करतात.

५/ असे का घडते? उत्तर बरेचसे पोटाशी निगडित आहे. दूध, बदाम, तुपाचा खुराक बारमाही लागतो. कमाई मात्र यात्रांच्या हंगामापुरती. एकदा चीत झालेल्या पहिलवानाची पुढच्या गावातली किंमत उतरते. बरोबरी झाली तर दोघांचीही शाबूत राहते. दुखापत झाली तर सारा हंगामच हातचा जातो. हे कारण समजून घेतल्याने नुरा कुस्ती क्षम्य ठरत नाही. पण टीकेचा रोख केवळ पहिलवानाच्या नीतीवर राहत नाही, आखाड्याच्या अर्थकारणाकडेही वळतो.

६/ आता दुसरी बाजू. १९५० नंतर दारा सिंग आणि हंगेरियन वंशाचा महाकाय ‘किंग काँग’ यांच्या लढतींनी मुंबईत गर्दी खेचली. २९ मे १९६८ रोजी मुंबईतच दारा सिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवले. थेझने पुढे आत्मचरित्रात दारा सिंग अस्सल कुस्तीगीर असल्याचे नमूद केले आणि त्याच्याकडून हरण्यात कमीपणा मानला नाही. फ्रीस्टाइलमध्ये निकाल ठरलेला असू शकतो. अंग, दम आणि तालीम मात्र खोटी नसते.

७/ १९८९ मध्ये अमेरिकेतील सर्वांत मोठ्या व्यावसायिक कुस्ती कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपला खेळ म्हणजे करमणूक असल्याचे मान्य केले. क्रीडास्पर्धांवरील सरकारी नियमनातून तिला सुटका हवी होती. त्याआधीच, १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात, फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी अशा कुस्तीला क्रीडा न मानता नाट्यप्रयोग मानले होते.

८/ मग अशा मल्लाची समीक्षा कशी करावी? नटाची करतात तशी. तो पडतो तेव्हा ते पडणे पटते का? जोडीदाराचे अंग तो जपतो का? लढत चढत जाते, की सुरुवातीलाच सारे डाव उधळले जातात? येथे ‘निकाल ठरलेला होता’ हा आक्षेप निरर्थक आहे. नाटकाचा शेवटही नटाला ठाऊकच असतो.

९/ नुरा कुस्तीचा दोष नेमका येथे उलगडतो. दोन्हींकडे निकाल आधी ठरू शकतो; पण नाटकाला आलेल्या प्रेक्षकाला नाटक मिळते. यात्रेतल्या प्रेक्षकाने मात्र वर्गणी दिलेली असते ती खऱ्या झुंजीसाठी. त्याला न विचारता ती झुंज बदलली जाते. ठरवाठरवीइतकीच लपवाछपवीही तेथे दोषास पात्र आहे.

१०/ कसोट्या काळाबरोबर बदलतातही. आज महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत गादीवर, गुणांच्या हिशेबाने होते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या स्पर्धेत टांग डावाला मिळालेल्या चार गुणांवरून राज्यभर वाद झाला आणि लोकांनी मोबाइलवर तो क्षण पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. आखाड्याभोवतीचा जुना परीक्षक असा पडद्यामागे जाऊन बसला आहे.

११/ ज्या चाळीसगावात १९७७ मध्ये किताब निकालाविना राहिला, त्याच तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी जिंकला. नरसिंग यादव यांच्यानंतर सलग तीन किताब मिळवणारे ते दुसरे मल्ल. खानदेशाने किताबाचे यजमानपद पूर्वीच भूषवले होते. या तीन वर्षांत मानाची गदाही सलग याच मातीत आली.