आजीचा तेओर

माझ्या आजीचं माहेर परदेशात होतं. गिरगावच्या चाळीत हे ती इतक्या सहज सांगायची की लहानपणी मला ती विलायतेची वाटे. माहेर म्हणजे फोंडा तालुक्यातलं म्हार्दोळ. आजीचा जन्म 1936 चा. तेव्हा तिथं राज्य पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगिजांचं.

1953 मध्ये लग्न होऊन ती आगगाडीनं मुंबईला आली. कुळ्यापर्यंत पोर्तुगीज हद्द. घाट चढला की कॅसलरॉक, हिंदुस्थान. तिथल्या जकातवाल्यानं नव्या नवरीची ट्रंक उघडायला लावली. चोरटं सोनं असेल म्हणून बरणीतली सगळी सोलं फलाटावर ओतवली. साठ वर्षांनीही आजीला त्या सोलांची हळहळ होती.

1955 च्या ऑगस्टमध्ये गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला. नाकेबंदी आवळली आणि ती गाडीच बंद पडली. 1958 मध्ये आजीचे वडील अंथरुणाला खिळले. आजोबांनी परवान्यासाठी खेटे घातले. परवाना आला नाही. कोपरा फाडलेलं कार्ड आलं. तोवर तेरावा उलटून गेला होता.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. पुढच्या मार्चमध्ये केंद्र सरकारचा आदेश निघाला : मुक्तीपूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेले सगळे भारतीय नागरिक; कुणाला नको असेल, तर त्यानं महिन्याभरात लेखी कळवावं. आजीला हा आदेश निघाल्याचंही ठाऊक नव्हतं. लिस्बननं भारताचा हक्क मान्य केला तो थेट 1974 च्या अखेरीस, तिथली हुकूमशाही कोसळल्यावर. पण 1975 च्या कायद्यानं एक दार उघडं ठेवलं : जुन्या ‘एस्तादो दा इंडिया’त, म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानात, जन्मलेल्यानं तशी इच्छा जाहीर केली, तर त्याचं पोर्तुगीज नागरिकत्व कायम. आजीला हेही कुणी कळवलं नाही.

कळवलं ते माझ्या चुलतभावानं, 2012 मध्ये. त्याला इंग्लंडला जायचं होतं. स्विंडनला गोंयकारांची वस्तीच झाली होती. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे तेव्हा इंग्लंडसह युरोपभर कामाची मुभा. पण साखळी आजीपासून सुरू होणार होती. आधी लिस्बनच्या दप्तरात तिचा जन्म नोंदवायचा, मग काकांचा, मग त्याचा.

त्यासाठी गोव्याहून तेओर काढला. तेओर म्हणजे जन्मनोंदीच्या मूळ पानाची जशीच्या तशी नक्कल. छापील रकान्यांत बसणारा दाखला नव्हे. कुण्या कारकुनानं वळणदार अक्षरात सांगितलेली हकिगतच : अमुक दिवशी, अमुक वाजता, म्हार्दोळ गावी मुलगी जन्मली. तारीख आकड्यांत नाही, अक्षरांत. नाव शांता, आणि त्यातला ‘श’ पोर्तुगीज रीतीनं एक्स घालून लिहिलेला. गिरगावात मात्र आजी सुमती. लग्नात नाव बदललेलं. शांता आणि सुमती ही एकच बाई, याचंही प्रतिज्ञापत्र चुलतभावानं गाठलेल्या एजंटानं तयार ठेवलं होतं.

आजीनं विचारलं, “सही केली की इथलं मत जाणार ना?”

एजंट म्हणाला, “ते नंतरचं बघू.”

पण ते आधीच बघायला हवं होतं. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. आपणहून दुसरं घेतलं की इथलं सुटतं. बोलायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. सगळे गप्प बसले.

आजीनं पेन खाली ठेवलं. “बापायला शेवटचं बघायला एक कागद मागितला होता. तेव्हा यांनीही दिला नाही, त्यांनीही नाही. आता कित्याक?”

चुलतभाऊ दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही. त्याचं तरी काय चुकलं? त्यानं बापडीकडे एक सही मागितली होती. मला वाटतं, नागरिकत्वाच्या बाबतीत आजीला कुणी काही विचारलं, ते आयुष्यात त्या एकदाच. आणि विचारल्यावर ती नाही म्हणाली.

तेओर मात्र तिनं परत दिला नाही. खिडकीशी बसून भिंग लावून ती तो बघत राही. पोर्तुगीज अक्षर तिला वाचता येत नव्हतं. पण पानाच्या तळाशी, खबर देणाऱ्याच्या जागी, एकच ओळ बाळबोध मराठीत होती. वडिलांची सही. तेवढीच ती वाचायची.