वैमानिकाचा डोळा आणि शस्त्रवैद्याची सुरी

नगर शहरातून पुण्याच्या वाटेस लागले म्हणजे केडगाव लागते. रेणुकामातेच्या देवळामुळे ओळखले जाणारे हे गाव आता शहरातच सामावून गेले आहे. नगर हे जुने लष्करी ठाणे. रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र येथेच असल्यामुळे ह्या बाजूच्या मुलांस सैनिकी पोशाखाचे अप्रूप नसले तरी ओढ मात्र फार. गेल्या उन्हाळ्यात केडगावचे एक गृहस्थ आपल्या साडेसतरा वर्षांच्या मुलास घेऊन आमच्याकडे आले. मुलास खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून वैमानिक व्हावयाचे होते. परंतु त्यास दीड नंबरचा चष्मा लागलेला. "सर, सुट्टीतच ऑपरेशन उरकून घेतो. चष्मा गेला की वाट मोकळी," असे वडिलांचे म्हणणे. आम्ही पडलो इतिहासाचे शिक्षक. नेत्रवैद्यकात आमची गती ती काय असणार! तथापि भरतीचे नियम बारकाईने वाचावयास घेतले तेव्हा त्यांतील आकड्यांमागे एक शतकभराची हकीकत उभी आहे असे आमच्या ध्यानी आले. ती वाचकांस सादर करितो.

विमानविद्येच्या आरंभी डोळा अधू असेल तर त्यावर इलाज एकच, तो म्हणजे दुसऱ्या वैद्याचे मत. पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये जे मोजके हिंदी तरुण शिरले त्यांत कलकत्त्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय हा एक. दृष्टी सदोष म्हणून त्यास प्रथम नाकारण्यात आले. तेव्हा त्याने आपली मोटारसायकल विकून त्या पैशांत एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून फेरतपासणी करविली आणि पहिला निकाल फिरविला, अशी हकीकत नमूद आहे. जुलै १९१८ मध्ये अवघ्या तेरा दिवसांत ह्या पोराने शत्रूची दहा विमाने पाडली, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो पडला. आमच्या मुंबईचे वेलिणकर ह्याच दलात होते व त्याच वर्षी फ्रान्समध्ये कामास आले. रॉयच्या बाबतीत तपासणारा चुकला असेल किंवा फेरतपासणी करणारा उदार असेल. मूळ डोळ्यात मात्र कोणी काही बदलले नव्हते, हे लक्षात ठेवावयाचे.

डोळाच बदलण्याचा उद्योग पुढे जपानात झाला. (येथे सुश्रुताचे नाव घेण्याचा मोह आम्ही टाळतो, त्याची शस्त्रक्रिया मोतिबिंदूची, ही गोष्ट निराळी.) टोकियोच्या जुंतेंदो विद्यापीठातील डॉ. त्सुतोमु सातो ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात ऱ्हस्वदृष्टीवर सुरी चालविली. डोळ्याच्या अग्रभागी जो पारदर्शक पडदा असतो, ज्यास कॉर्निया म्हणतात, त्यावर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चिरा पाडल्या तर तो मध्यभागी सपाट होतो व नंबर उतरतो, ही त्यांची कल्पना. लष्करी वैमानिकांची दृष्टी सुधारावी हा त्यामागील हेतू होता असे सांगतात. कल्पना खोटी नव्हती. रोगी चष्म्यावाचून पाहू लागले. परंतु सातोंनी चिरा पडद्याच्या आतल्या बाजूसही दिल्या होत्या. त्या बाजूस पेशींचा एकपदरी थर असतो, तोच पडद्यातील पाणी उपसून तो स्वच्छ राखतो, आणि एकदा मेलेल्या पेशी पुन्हा उपजत नाहीत. हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. वर्षे लोटली, आणि एकेका रोग्याचा पडदा फुगून पांढुरका होऊ लागला. ह्या प्रकरणात आम्हांस सर्वांत भयंकर वाटते ते हे, की शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात, किंबहुना दुसऱ्या वर्षीही सर्व काही यशस्वीच दिसत होते.

१९७० नंतर मॉस्कोच्या फ्योदोरोव ह्यांनी ह्याच चिरा केवळ बाहेरच्या बाजूने देण्याची पद्धत रूढ केली व ती अमेरिकेतही पसरली. तिचे वैगुण्य उंचावर उघडे पडले. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर जे वादळ झाले त्यात सापडलेल्या बेक वेदर्स ह्या टेक्ससच्या डॉक्टराने ही शस्त्रक्रिया करून घेतली होती. विरळ हवेत चिरांलगतचा भाग सुजून पडद्याचा आकार पालटला आणि शिखराच्या वाटेवरच त्यास दिसेनासे झाले. गिर्यारोहकाची ही गत, तर वैमानिकाचे काय? भारतीय वायुसेनेत ही चिरांची शस्त्रक्रिया झालेल्यास कोणत्याही कामी घेत नाहीत, त्याचा उलगडा येथे होतो.

सुरीची जागा पुढे किरणांनी घेतली, आणि त्यात एका हिंदी माणसाचा हात आहे. मद्रासेत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर एक्सायमर लेसरचा झोत टाकून पाहिला. भोवतालचा भाग न जळता नेमका छेद पडला. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रोकेल ह्यांनी तो किरण कॉर्नियाकडे वळविला. त्यातूनच पीआरके व पुढे लॅसिक ह्या क्रिया निघाल्या.

आता आमच्याकडील निकष पाहावे. वायुसेनेच्या अधिकारीभरतीत ह्या दोन क्रिया झालेला उमेदवार ग्राह्य मानला जातो. पण क्रिया वयाच्या २० वर्षांपूर्वी झालेली नसावी. तीनंतर निदान १२ महिने निर्वेध गेलेले असावेत. कॉर्नियाची उरलेली जाडी ४५० मायक्रॉनहून कमी नसावी. मूळचा नंबर सहाच्या वर नसावा. डोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरहून अधिक नसावी. शिवाय उरलेली दृष्टी त्या त्या शाखेच्या कसोटीस उतरावयास हवी ती वेगळीच. वीस वर्षांची अट अशासाठी, की त्या वयाआधी नंबर बहुधा ठरलेला नसतो. बारा महिने म्हणजे सातोंच्या रोग्यांनी शिकविलेला सबुरीचा धडा, जरी थोडक्यात आटोपलेला. लांबीची अट मात्र लोकांस उमगत नाही. ऱ्हस्वदृष्टी माणसाचा डोळा मुळातच लांबट वाढलेला असतो, मागचे दृष्टिपटल ताणून पातळ झालेले असते. किरणांनी खिडकीची काच बदलते; खोली होती तेवढीच लांब राहते.

प्रबोधिनीत प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि शस्त्रक्रिया विसाच्या आत चालत नाही. म्हणजे चष्म्याच्या मुलास त्या दाराने वैमानिक होणे नाही. साधी वजाबाकी आहे. हा नियम आम्हांस कठोर वाटतो, अन्यायाचा वाटत नाही. अन्याय असेल तर तो एवढाच, की हे गणित मुलास अकरावीत शिरतानाच कोणी करून दाखवीत नाही, आणि घाईने केलेली क्रिया पुढचे दारही लावून टाकते. कारण पदवीनंतरच्या परीक्षेने वायुसेनेच्या उड्डाणशाखेत वीस ते चोवीस ह्या वयात शिरता येते. तेथे विसानंतर केलेल्या क्रियेस जागा आहे.

आम्ही हे सारे त्या गृहस्थांस कागदावर मांडून दाखविले. ते बराच वेळ बोटांवर वर्षे मोजीत राहिले. मुलाने मध्येच विचारले, "म्हणजे सर, आत्ता केलं असतं तर कधीच नसतं जमलं?" आम्ही होय म्हटले. दवाखान्यात पुढच्या सोमवारची वेळ ठरली होती. वडिलांनी आमच्या ओसरीवरूनच फोन करून ती रद्द केली, आणि मुलगा चष्मा पुशीत कागदावरचे आकडे आपल्या वहीत उतरून घेऊ लागला.