आधी विचारा, छळतंय काय?

सोनोग्राफी नॉर्मल, कोलोनोस्कोपी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. तरी जेवण उरकलं की पोटात कळ येते आणि दोन-तीनदा जाऊनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. आयबीएसचा रुग्ण जाडजूड फाईल घेऊन येतो तेव्हा 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे वाक्य त्याला पाठ झालेलं असतं. या विषयात नव्याने येणाऱ्या डॉक्टरांचं मनापासून स्वागत. तेवढं ते वाक्य दाराबाहेर ठेवून या.

निदानासाठी २०१६ चे रोम-४ निकष आहेतच. रक्त पडणं, वजन उतरणं, ताप, ॲनिमिया यांतलं काही दिसलं तर आधी त्याचा छडा लावायचा. आपल्याकडे आतड्याचा टीबी विसरून चालत नाही. मग रुग्णाला विचारायचं, सगळ्यांत जास्त छळतंय काय? कळ, जुलाब, की खडा? उपचाराची निवड या उत्तरावर ठरते.

खडा होत असेल तर इसबगोल द्यावं. गव्हाचा कोंडा नको, त्याने पुष्कळांचं पोट जास्तच फुगतं. दुखणं हटत नसेल तर अमिट्रिप्टिलिनचा विचार करावा. इंग्लंडमधल्या ४६३ रुग्णांवरची चाचणी २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. रोज १० ते ३० मिलिग्रॅम एवढ्या लहान मात्रेचा सहा महिन्यांत प्लासिबोपेक्षा चांगला गुण आला. पण हे 'डिप्रेशनचं औषध' असल्याचं बाहेरून कळलं की गोळ्या कपाटात जातात. म्हणून ते का देतोय, हे चिठ्ठी लिहितानाच सांगावं.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून आलेला लो-फॉडमॅप आहार चार ते सहा आठवड्यांपुरताच कडक असतो; पुढे एकेक पदार्थ परत आणायचा. आपले रुग्ण (आणि काही डॉक्टरही) त्याचं जन्माचं पथ्य करून टाकतात. लसणाशिवाय फोडणी कशी द्यायची, असं विचारतील. लसणातलं त्रासदायक फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेव्हा अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात. स्वाद तेलात उतरतो.

अलोसेट्रॉन हे जुलाबावरचं औषध अमेरिकेत २००० साली मंजूर झालं आणि आतड्याचा रक्तपुरवठा घटल्याच्या घटनांमुळे त्याच वर्षी मागे घेतलं गेलं. रुग्णांनी लावून धरल्यावर २००२ मध्ये कडक निर्बंधांसह ते परत आलं. हा धोका माहीत असूनही लोकांना ते हवं होतं. आयबीएसला किरकोळ म्हणणाऱ्यांना मी एवढंच ऐकवतो.

म्हणून या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं विचारपुशीची आहेत. घाई असलेल्यांनी थेट चौथं उघडावं. डोस तिथे दिले आहेत.