पांढरा कोळसा आणि मुळशीचे खोरे

कोळसा आणि खनिज तेल यांच्यावरील भार कमी करून जगाने सूर्य, वारा आणि पाणी यांच्याकडे वळावे, हा विचार आज आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या केंद्रस्थानी आला आहे. २०१५ चा पॅरिस करार आणि २०२१ च्या ग्लासगो परिषदेत भारताने जाहीर केलेले २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ही या वळणाची ठळक स्थाने होत. या चर्चेत दोन प्रश्न प्रामुख्याने विचारले जातात : भांडवल कोण पुरवणार, आणि तंत्र कोणाच्या हाती राहणार? जमीन आणि पाणी कोणाचे जाणार, हा तिसरा प्रश्न बहुधा मागाहून येतो. महाराष्ट्राला मात्र या तिसऱ्या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वीच सामोरे जावे लागले. मुंबईच्या गिरण्या कोळशाकडून जलविद्युतेकडे वळल्या तो काळ आणि मुळशीच्या सत्याग्रहाचा काळ एकच आहे, हा केवळ योगायोग नव्हे.

मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. पुढील अर्धशतकात गिरण्यांच्या धुराड्यांनी शहराची क्षितिजरेषाच बदलून टाकली. तथापि, या उद्योगाची एक मूलभूत अडचण होती. कापूस वऱ्हाड-खानदेशातून येई, मजूर कोकण-घाटावरून येत. परंतु कोळसा मुंबईच्या आसपास कोठेही नव्हता. तो राणीगंज-झरियाच्या खाणींतून रेल्वेने किंवा कलकत्त्याहून समुद्रमार्गे आणावा लागे, प्रसंगी इंग्लंडहूनही मागवावा लागे. वाहतुकीच्या खर्चामुळे तो महाग पडे, आणि जहाजांची टंचाई झाली की मिळेनासा होई. पहिल्या महायुद्धाने ही परावलंबिता पुरती उघडी केली. धुराचा त्रास होताच. पण इंधनबदलाची खरी प्रेरणा आर्थिक होती.

याच सुमारास युरोप-अमेरिकेत पाण्याच्या शक्तीविषयी नवे कुतूहल जागे झाले होते. फ्रान्समधील ग्रनोबलजवळचा कागद-उत्पादक आरिस्तीद बेर्जेस याने १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी ‘पांढरा कोळसा’ हा शब्दप्रयोग रूढ केला. पर्वतावरील हिम आणि त्याचे वाहते पाणी हाच त्याच्या दृष्टीने नवा कोळसा होता. १८९५ मध्ये नायगाऱ्याच्या धबधब्यावर मोठे वीजकेंद्र सुरू झाले. भारतात म्हैसूर संस्थानाने १९०२ मध्ये शिवनसमुद्र येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पुरवली. ज्या देशांत कोळसा नव्हता किंवा अपुरा होता, त्यांना पांढऱ्या कोळशात स्वातंत्र्याचे आश्वासन दिसत होते.

सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे पाणी साठवून ते कोकणाच्या बाजूने खाली सोडावे आणि त्या उंचीच्या बळावर मुंबईसाठी वीज निर्माण करावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९१० मध्ये त्यांच्या वारसांनी जलविद्युत कंपनी स्थापन केली. १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. सुमारे ५०० मीटरांहून अधिक उंचीवरून उतरणाऱ्या पाण्याने जनित्रे फिरू लागली, आणि सुमारे सत्तर किलोमीटर दूर असलेल्या गिरण्यांत वीज पोहोचली. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र कार्यान्वित झाले.

या योजनांचे अर्थकारण कोळशाच्या अर्थकारणाहून वेगळे होते. कोळशाच्या बाबतीत खर्च रोजचा असतो. जलविद्युतेत जवळजवळ सर्व खर्च आरंभीच करावा लागतो. धरण, नळ, बोगदे आणि तारा एकदा उभ्या राहिल्या की इंधनाचे बिल येत नाही. त्यामुळे प्रारंभीचे भांडवल मोठे लागते, आणि ते फेडण्यासाठी दीर्घ मुदतीचे खात्रीचे ग्राहकही लागतात. भांडवल देशातच उभारले गेले, ही त्या काळी अभिमानाची गोष्ट ठरली. वाफेच्या यंत्रांची सवय झालेले गिरणीमालक प्रथम साशंक होते. हळूहळू तेही वळले. आज सौर आणि पवन ऊर्जेविषयी भांडवलाचा व्याजदर आणि दीर्घ मुदतीचे खरेदी-करार यांची जी चर्चा चालते, तिचे मूळ रूप येथे दिसते. परंतु आरंभीच्या या खर्चात जमिनीची किंमत काय धरली होती, यावरच सारा वाद पेटला.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ बांधावयाच्या धरणासाठी मुळशी पेट्यातील सुमारे ५० गावे आणि ११,००० माणसे उठवावी लागणार होती. भाताची सुपीक खाचरे, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आणि ग्रामदैवतांची देवळे पाण्याखाली जाणार होती. जमीन घेण्यासाठी आधार होता तो १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा. लोकांना उपयुक्त ठरेल असे काम असल्यास खासगी कंपनीसाठीही सरकारने जमीन संपादन करावी, अशी तरतूद त्यात होती. ‘लोक’ या शब्दात मुंबईच्या गिरण्या सामावल्या. खाचरात राबणारा मावळा मात्र त्याबाहेर राहिला. शेतांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले, तेव्हा पुष्कळांना आपल्यावर काय येऊन ठेपले आहे हे प्रथम कळले.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १,२०० सत्याग्रही धरणाच्या जागेवर बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे या लढ्याचे प्रमुख नेते. शंकरराव देव आणि न. चिं. केळकर यांसारख्यांचाही त्याच्याशी संबंध आला. काम काही महिने थांबले. सत्याग्रहींत स्त्रियाही होत्या, आणि त्यांनीही तुरुंगवास पत्करला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून टाटांना या गरीब शेतकऱ्यांच्या इच्छेचा विचार करण्याचे आवाहन केले. धरणाविरुद्धच्या संघटित जनआंदोलनांत मुळशीला जगात अग्रमान दिला जातो.

हा लढा परकीय सत्तेविरुद्धच्या लढ्याइतका सरळ नव्हता. समोरची कंपनी भारतीय होती. तिच्यामुळे देशी उद्योगाला बळ मिळणार होते, परावलंबन कमी होणार होते. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या सुशिक्षितांना म्हणूनच हा पेच सुटेना. खोऱ्यातही सर्वांचे हित एक नव्हते. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात दाखवून दिल्याप्रमाणे, पुष्कळशी जमीन सावकारांकडे गेलेली होती. सावकाराला मोबदल्याचा चांगला दर मिळाला की त्याचे समाधान होण्यासारखे होते. कसणाऱ्या कुळाला मात्र पैशाने जमिनीची जागा भरून निघणार नव्हती. मोबदल्याची बोलणी जसजशी पुढे सरकली, तसतसा सत्याग्रहाचा पाया खचत गेला. गांधीजींनीही पुढे या लढ्यापासून अंतर ठेवले. १९२४ च्या अखेरीस बापटांनी मोजक्या साथीदारांसह प्रकल्पाची आगगाडी अडवून शस्त्र चालवले आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. महाराष्ट्राने त्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली ती याच लढ्याने. पण तोपर्यंत लढा हरला होता. धरण पूर्ण झाले, आणि खोरे बुडाले.

प्रकल्पाने दिलेले फळ नाकारणे इतिहासाला धरून होणार नाही. गिरण्यांची चाके त्या विजेवर फिरली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई-कुर्ला मार्गावर भारतातील पहिली विजेची आगगाडी धावली, आणि काही वर्षांत बोरघाटातील वाफेच्या इंजिनांची जागा विजेच्या इंजिनांनी घेतली. ही तीन केंद्रे आजही कार्यरत आहेत. कोळशाचा एक खडाही न जाळता ती शतकभर चालत आली आहेत. परंतु खर्चाच्या बाजूला फक्त बुडालेली गावे नाहीत. निसर्गतः पूर्वेला भीमेकडे जाणारे पाणी डोंगर फोडून पश्चिमेला वळवले गेले. ते कोकणात उतरून समुद्राला मिळते, आणि खाली सोलापूरकडचा अवर्षणग्रस्त प्रदेश त्या पाण्याची वाट पाहतो. कृष्णा पाणी तंटा लवादालाही या वळवलेल्या पाण्याची दखल घ्यावी लागली.

स्वातंत्र्यानंतर कोयनेने हाच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर उभा केला. फरक एवढाच की तेथे कंपनीच्या जागी शासन होते. विस्थापितांच्या दीर्घ संघर्षातून महाराष्ट्रात १९७६ चा पुनर्वसन कायदा आला. १८९४ चा भूसंपादन कायदा रद्द होण्यास मात्र २०१३ चा नवा कायदा यावा लागला. म्हणजे मुळशीच्या शेतकऱ्यांनी ज्या कायद्याविरुद्ध ठाण मांडले, तो त्यांच्यानंतर सुमारे नव्वद वर्षे टिकला.

कायदा बदलला तरी प्रश्न मिटत नाही. धुळे जिल्ह्यातील विखरण येथील एका वृद्ध शेतकऱ्याने वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी हेलपाटे घालून अखेर जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले, आणि त्यात त्याचा अंत झाला. दोंडाईचा परिसरातील हा प्रकल्प आधी औष्णिक म्हणून आखलेला होता, पुढे तेथे सौर प्रकल्पाची योजना झाली. इंधन बदलले; शेतकऱ्याची फाइल मात्र तशीच राहिली. याच्या उलट २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने जमीन विकत घेण्याऐवजी भाड्याने घेण्याचा मार्ग धरला. तिच्या नव्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले, आणि जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. १९२१ मध्ये मुळशीच्या कुळापुढे असा पर्यायच नव्हता. अर्थात, भाडे मिळते ते सात-बारावर नाव असलेल्याला. त्या जमिनीवर मजुरी करणाऱ्याचे काय, हा व्होरांनी दाखवलेला जुना भेद येथेही कायम आहे.

सूर्य रात्री नसतो, म्हणून सौर विजेला साठवणुकीची जोड लागते. त्यासाठी पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडण्याच्या योजना आता जगभर आखल्या जात आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाशी झालेल्या करारानुसार अशा दोन योजना शिरवटा येथे १,८०० मेगावॅट आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॅट क्षमतेने उभ्या करण्याचे ठरले. ही दोन्ही नावे टाटांच्या पहिल्या जलविद्युत योजनांतीलच आहेत. शंभर वर्षांनी नवी ऊर्जा सह्याद्रीच्या त्याच कड्यावर येऊन पोहोचली आहे. मुंबईला वीज हवी होती आणि ती तिला मिळाली. खोऱ्यातील माणसांना ज्याबद्दल कोणी विचारले नव्हते, ते त्यांना द्यावे लागले. नव्या संक्रमणाचा न्याय किती टन कोळसा वाचला एवढ्यावरच होणार नाही. धरणाच्या वरच्या बाजूच्या माणसाला यावेळी आधी विचारले गेले का, यावरही तो अवलंबून राहील.