शोरबा, सिकबाज आणि फिश अँड चिप्स

इंग्रजांचं अगदी स्वतःचं म्हणावं असं रस्त्यावरचं खाणं कोणतं, असं विचारलं तर बहुतेक जण एकच नाव घेतात : फिश अँड चिप्स. पिठात बुडवून तळलेला मासा, बटाट्याचे जाड तळलेले तुकडे, वरून मीठ आणि सिरका, म्हणजे व्हिनेगर. पूर्वी हे सगळं आपल्या भेळेसारखं रद्दीच्या वर्तमानपत्रात बांधून मिळायचं. पण हा पुडा इतिहासाच्या अंगानं उलगडत गेलं तर त्यात इंग्रज फार उशिरा भेटतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे पदार्थाआधी मला त्याचं नाव दिसतं. आपल्या घरातला 'शोरबा' घ्या. फारसीत 'शोर' म्हणजे खारट आणि 'बा' म्हणजे रस्सा. याच घराण्यातला एक जुना शब्द आहे 'सिकबाज'. 'सिक' हे सिरक्याचं जुनं फारसी नाव. सिकबाज म्हणजे सिरक्यात शिजवलेलं आंबट कालवण. इराणच्या सासानी बादशहांना ते फार आवडे, असं जुन्या कथा सांगतात. पुढे ते अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये रुळलं. इब्न सय्यार अल-वर्राक यानं दहाव्या शतकात लिहिलेल्या पाकग्रंथात त्याच्या कृती आहेत. मूळचं हे कालवण मांसाचं. पण सिरक्यानं अन्न टिकतं, म्हणून ते प्रवासालाही सोयीचं.

हा शब्द अरबीतून अंदलूसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये पोचला आणि स्पॅनिश भाषेत 'एस्काबेचे' झाला. तोवर पदार्थाचं रूपही बदललं : तळलेला मासा सिरक्यात मुरवून थंडच खायचा. तिथल्या यहुद्यांना तर तो फारच सोयीचा. शुक्रवारचा सूर्य मावळला की त्यांचा सब्बाथ सुरू होतो आणि चूल पेटवता येत नाही. मग मासा शुक्रवारीच तळून ठेवायचा, तोही तेलात, कारण डुकराची चरबी त्यांनाही हराम.

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनाडा पडलं. ३१ मार्चला यहुद्यांना देशाबाहेर काढण्याचं फर्मान निघालं. १५०२ मध्ये कॅस्टिलच्या मुसलमानांपुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या : बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्या वंशजांनाही १६०९ पासून हाकलण्यात आलं. दरम्यान धर्मांतरितांवर इन्क्विझिशनची नजर होतीच. साक्ष कशाची घेतली जायची? स्वयंपाकघराचीसुद्धा. चरबीऐवजी ऑलिव्हच्या तेलात फोडणी, शुक्रवारी करून ठेवलेलं शनिवारचं जेवण, एवढंही संशयाला पुरत असे. शेजाऱ्याच्या नाकाला आलेला वास न्यायालयात पोचत होता.

हे दूरचं वाटत असेल तर गोव्याकडे पाहा. तिथे पोर्तुगीजांनी १५६० मध्ये इन्क्विझिशन आणलं. १७३६ च्या हुकूमनाम्यात स्थानिक ख्रिश्चनांना बजावलं होतं की हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही. चिमूटभर मीठ कधी पडतं, यावरून माणसाचा धर्म तपासला जात होता.

स्पेन-पोर्तुगालमधून उखडलेली काही यहुदी कुटुंबं पुढे इंग्लंडला पोचली. त्या देशानं १२९० मध्ये आपले यहुदी हाकलले होते. १६५६ मध्ये, क्रॉमवेलच्या काळात, पुन्हा दार किलकिलं झालं. त्यांच्याबरोबर तळलेला मासा आला. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेच्या पाकपुस्तकात मासा टिकवण्याची 'यहुदी पद्धत' दिली आहे. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये तळलेल्या माशांच्या दुकानाचा उल्लेख येतो. बटाटा अमेरिकेतून आलेला. मासा आणि बटाटा एका दुकानात आणण्याचा मान बहुधा लंडनच्या जोसेफ मॅलिन या यहुदी दुकानदाराला दिला जातो, साल १८६० च्या आसपास. लँकेशायरचे लोक मात्र आपल्या मॉस्लीच्या जॉन लीसचं नाव पुढे करतात. वाफेच्या बोटी आणि रेल्वे यांनी मासा स्वस्त केला आणि गिरणी कामगाराला गरम जेवण मिळालं. दुसऱ्या महायुद्धात मटण, लोणी, साखर रेशनवर गेली, पण सरकारनं फिश अँड चिप्सला हात लावला नाही.

अशा कहाण्या सांगून झाल्या की आपण लगेच म्हणतो, 'बघा, अन्न माणसांना जोडतं.' मला हे वाक्य अपुरं वाटतं. १९०५ मध्ये, इंग्लंडभर या दुकानांसमोर गर्दी होत असताना, ब्रिटिश संसदेनं परदेशी लोकांना रोखणारा कायदा केला. त्याचा रोख मुख्यतः रशिया आणि पूर्व युरोपातल्या छळातून पळून येणाऱ्या यहुद्यांवर होता. जिभेनं मासा आपला मानला, पण तो ज्यांच्या घरचा त्यांच्यासाठी दार ओढून घेतलं.

म्हणून कुठल्याही गाडीवरच्या खाण्याला दोन प्रश्न विचारावेत, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. हे कुठून आलं, हा पहिला. तो सोपा आहे, त्याचं उत्तर बहुतेक वेळा नावातच असतं. दुसरा प्रश्न अवघड : ज्यांनी हे आणलं, त्यांना आपण कसं वागवलं?